एफ-नाईनवरचं कुंकू

मला माऊसला हात लावायचा भारी कंटाळा. कोड लिहायच्या एडिटरमधले सगळे शॉर्टकट मी माझ्या सोयीने बसवलेले, आणि त्यात एफ-नाईन माझा लाडका. ते एक बटण दाबलं की फाईल जतन व्हायची, कोड सर्व्हरवर जायचा आणि ग्राहकाची वेबसाईट तिथल्या तिथे बदलायची. आधी 'नक्की ना?' असं विचारणारी खिडकी यायची, ती मीच काढून टाकली. दिवसातून वीसदा कोण 'हो' म्हणत बसणार? उलट कौतुकाने आईच्या पाकिटातली एक लाल टिकली काढून मी त्या बटणावर चिकटवली होती.

पुण्याच्या कंपनीने मला अड्याळच्या घरून काम करू दिलं ते नाराजीनेच. एक मोठी चूक झाली की सामान बांधून पुण्याला यायचं, असं साहेबांनी बजावलं होतं. आई मात्र खुशीत होती. कितीतरी वर्षांनी पोरगा दोन्ही वेळेला घरात जेवत होता.

दसऱ्याला आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा असते. सकाळी आईने विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप धुऊनपुसून ओसरीत मांडले. मी अर्धवट कोड तसाच उघडा टाकून आंघोळीला गेलो. डोकं पुसत बाहेर येतो तर टेबलावर फोन वाजत होता.

"वेबसाईट कोरी पडलीय!" साहेब ओरडले. "काय चढवलंस तू?"

स्क्रीनवर माझा अर्धवट कोड सर्व्हरवर गेल्याची नोंद होती आणि टिकलीवर ओलं कुंकू चमकत होतं. शेजारी आई पूजेचं ताट घेऊन उभी.

"तुयं काम याच्यावरच चालते ना," ती म्हणाली. "तू टिकली लावलीच होती, मंग मी तिथंच कुंकू लावलं."

"सर, मी नाही केलं!" मी फोनमध्ये ओरडलो. "आईने हात लावला. तिला काही कळत नाही!"

हे मी बोललो. तिच्यासमोर, सणाच्या दिवशी. मला अजून खरं वाटत नाही. आई ताट घेऊन ओसरीत गेली.

जुना कोड परत चढवायला पाच मिनिटं लागली. साहेब तासभर धुसफुसले आणि शेवटी, "ते बटण आधी बदल," म्हणून त्यांनी विषय सोडला. पुणं टळलं. ती खिडकी मी त्याच दुपारी परत आणली. संध्याकाळी आईची माफी मागितली, तर ती हसून म्हणाली, "मले काय समजते बाप्पा त्यातलं."

तेव्हापासून ती माझ्या कुठल्याच वस्तूला विचारल्याशिवाय हात लावत नाही. टेबलावरचा रिकामा कप न्यायचा तरी दारात थांबते. असं विचारत जाऊ नको म्हणून मी किती वेळा सांगितलं, चिडलोसुद्धा.

यंदाच्या दसऱ्याला ओवाळून घ्यायला मी पाटावर बसलो. कुंकवात बुडवलेलं तिचं बोट माझ्या कपाळापाशी आलं आणि थांबलं.

"लावू काय?" आईने विचारलं.