नाकाचा उपास

मिलमध्ये वेल्डिंगचं काम निघालं की वसंता खरात आदल्या दिवसापासून नाकाचा उपास धरायचा. कांदा नाही, लसूण नाही, तंबाखूची चिमूटसुद्धा नाही. बायको सोनूबाई त्याला वरण-भाकरी वाढायची आणि आपला ठेचा मागच्या दारी नेऊन खायची. सकाळी बदनापूरच्या फलाटावर तो बिडीवाल्यांपासून लांब, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा. रोजच्या गाडीचे लोक त्याला ओळखून होते.

"सरका रे बाजूला," कुणीतरी म्हणायचं, "काकाचं नाक आज ड्युटीवर हाय."

वसंता हसायचा नाही. ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती.

जालन्याच्या बाहेर सोयाबीनचं तेल काढायची ती मिल. सोयाबीन दळून, त्याचे पापुद्रे करून ते सॉल्व्हंटने धुतात, म्हणजे त्यातलं तेल सुटून येतं. हे सॉल्व्हंट पेट्रोलचं भावंडच. दिसायला पाण्यासारखं, पण उघड्यावर पडलं की बघता बघता उडून जातं, आणि त्याची वाफ वर न जाता जमिनीसरशी सरपटत गटारात, खड्ड्यात जाऊन बसते. तिथे एक ठिणगी पडली की संपलं. म्हणून वेल्डिंगची मशीन आत न्यायच्या आधी वसंता त्या जागी गुडघे टेकायचा, डोळे मिटून वास घ्यायचा, बाहेर मोकळ्या हवेत जाऊन यायचा आणि पुन्हा घ्यायचा. एकाच जागी बसून राहिलं तर नाक मरतं, हे तो नव्या पोरांना सांगायचा. मग उठून म्हणायचा, "बराबर." तो "बराबर" म्हणाला की सुपरवायझर बद्रीनाथ परवानगीच्या कागदावर सही करायचा. कपाटात गॅस मोजायचं मीटर होतं, पण त्याची बॅटरी कधीच उतरलेली. सरकारी माणूस तपासायला यायचा तेवढ्यापुरतं ते पुसून टेबलावर ठेवायचे.

एकदा पंपाची गळती वसंताने दारातूनच ओळखली होती. पाळी थांबवून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. मालकाने त्या दिवशी त्याला शेजारी बसवून चहा पाजला. तेव्हापासून साधा हेल्पर असूनही मिलमध्ये त्याला मान होता. बद्रीनाथ दुसऱ्या कुणाला 'अहो' म्हणत नसे, त्याला म्हणायचा.

या हिवाळ्यात वसंताला ताप आला, सर्दी झाली. ताप गेला, सर्दीही गेली, पण त्यानंतर त्याला सगळ्यांचाच संशय यायला लागला.

आधी सोनूबाईचा. भाजीला चव नसायची. "फोडणीत लसूण घालती का न्हाई?" तो विचारायचा. ती म्हणायची, "मुठीनं घातलाय, अजून किती घालू?" त्याला वाटायचं, ही काटकसर करून राह्यली आणि वर खोटं बोलती. मग बाजारातल्या लसणाचा संशय. मग गाडीतल्या लोकांचा. एके दिवशी मोसंबीच्या जाळ्या घेऊन बाया डब्यात चढल्या, आणि जो तो म्हणायला लागला, काय घमघमाट सुटलाय! वसंताने इकडेतिकडे पाहिलं. त्याला वाटलं, हे सगळे ठरवून आपली मजा घेऊन राह्यलेत.

सगळ्यात जास्त संशय मिलमध्ये नव्याने आलेल्या ज्योत्स्ना मॅडमचा. त्या सेफ्टीच्या साहेब. वय कमी, आवाज खणखणीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वसंताला खड्ड्यावर वाकलेलं पाहिलं.

"काका, तुम्ही रोज हे नाकाने ओढता?"

"रोज न्हाई. वेल्डिंग असलं म्हणजे."

"वास आला याचा अर्थ ते तुमच्या छातीत गेलेलंच असतं ना! आणि किती आहे ते नाकाला कसं कळणार? काही गॅसचा तर वासच येत नाही."

ही आपली जागा उठवायला आलीय, असं वसंताने मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातलं मीटर काढून दुरुस्तीला धाडलं, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. सॉल्व्हंटचा वास हल्ली पहिल्यासारखा येत नव्हता. यात सुद्धा मॅडमची काहीतरी चाल असेल, मालच बदलला असेल, असं तो धम्मपालला म्हणाला.

धम्मपाल मिलचा वेल्डर. वसंताच्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. मिलमध्ये त्याला वसंतानेच लावलं होतं. "मामा, माल तोच हाय," तो म्हणाला. "टँकर मी सोता पाह्यला." वसंताला वाटलं, हा पण त्यांच्यात सामील.

आपल्या नाकाचा संशय मात्र त्याला एकदाही आला नाही.

तो आला एका सुट्टीच्या दिवशी. सोनूबाई अंगणात कपडे वाळत घालत होती. दूध गॅसवर होतं. वसंता शेजारीच पाटावर बसून मोबाइल बघत होता. दूध उतू गेलं, शेगडी विझली. त्याने मान वर करून पाहिलं तर ओट्यावर दूधच दूध. चटकन उठला आणि शेगडी पुन्हा पेटवायला लायटर उचलला.

"अवो!" सोनूबाई धावत आली ती त्याच्या मनगटावरच झडपली. लायटर खाली पडला. तिने शेगडीची कळ फिरवली, खिडकी उघडली, दार सताड उघडलं. "गॅस चालू हाय अन् लायटर कुठं लावता? बाहेर अंगणापोत वास येऊन राह्यला!"

"कशाचा वास?" वसंता म्हणाला.

सोनूबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा वसंताला राग आला. हिलाच भास होतात, असं म्हणत तो बाहेर पडला. शेजारच्या मोटारसायकलपाशी थांबला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून टाकीचं झाकण उघडलं आणि नाक खाली नेलं. ओठांना गार लागलं. डोळे चुरचुरले. वास काहीच नाही. पाण्याच्या माठात तोंड घालावं तसं.

त्याने झाकण लावलं. मग पुन्हा उघडलं.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये खड्ड्यावरच्या लोखंडी चौकटीचं वेल्डिंग होतं. गटाराचं सगळं पाणी जिथे येऊन साचतं, तो हा खड्डा. मिलमधली सगळ्यात वाईट जागा. सांगावं का, हा विचार वसंताने गाडीत बसल्या बसल्या केला. सांगितलं तर उद्यापासून आपण पोती उचलणारा साधा माणूस. आणि न सांगितलं तर? वेल्डिंगला धम्मपाल उतरणार. शेवटी त्याला एक तोड सुचली. आता कधीच "बराबर" म्हणायचं नाही. प्रत्येक वेळी वास आहे म्हणायचं. काम थांबलं तर थांबलं, माणूस तर जळणार नाही. ही तोड त्याला इतकी पटली की त्याने गाडीत शेजारी बसलेल्या धम्मपालशी दोन शब्द गोड बोलूनही घेतले.

खड्ड्यापाशी तो वाकला, डोळे मिटले, बाहेर जाऊन आला, पुन्हा वाकला.

"वास हाय," तो म्हणाला. "आज नको."

बद्रीनाथने खड्डा धुवायला लावला. ताजं पाणी सोडलं, पंख्याने हवा मारली. दुपारी वसंता पुन्हा वाकला. "अजून हाय."

"खरात, धुऊन चकाचक केलाय की! येणार कुठून?" बद्रीनाथ डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायला लागला. "का घरी काही वांधा झालाय? तसं बोला."

"मला काय विचारता? नाकाला विचारा."

तेवढ्यात ज्योत्स्ना मॅडम मीटर घेऊन आल्या. त्याच सकाळी ते दुरुस्त होऊन आलं होतं. त्यांनी त्याची नळी खड्ड्यात तळापर्यंत सोडली. आकडा शून्य. कोपऱ्यांतून फिरवली. शून्यच.

"काहीच दाखवत नाही," त्या म्हणाल्या.

"पण खरात म्हणतेत वास हाय," बद्रीनाथ म्हणाला.

सगळ्यांनी वसंताकडे पाहिलं. धम्मपाल हातातला मुखवटा खाली ठेवून म्हणाला, "मामा न्हाई म्हणले तर मी न्हाई उतरत बुवा. मशीनचं काय, मशीन बिघडतं."

"बराबर!" बद्रीनाथला तेच हवं होतं. "मॅडम, राग मानू नका. इतकी वर्षं ही मिल खरातच्या नाकावर चालली. हे खोकं दुरुस्त करूनही खोटंच दाखवून राह्यलं. ठिवा ते परत कपाटात. बिनकामाचा खर्चा."

मॅडमचा चेहरा उतरला. "मी सकाळी तपासणीच्या गॅसच्या छोट्या टाकीवर लावून पाहिलं, तेव्हा बरोबर दाखवत होतं..." त्या म्हणाल्या. मग वसंताकडे बघून हळू आवाजात, "पण काकांना वास येत असेल, तर काय माहीत, चुकत असेल."

वसंता जिंकला होता. जी बाई त्याची जागा उठवायला आली होती, तीच आता आपल्या मशीनकडे संशयाने बघत होती. त्याने तिच्या हातातलं ते पिवळं खोकं पाहिलं. ते आता कपाटात जाणार, त्याची बॅटरी उतरणार. आणि हे सगळे लोक पुन्हा त्याच्या तोंडाकडे बघत राहणार. आज वास आहे म्हटलं, उद्या म्हटलं, परवा म्हटलं, तरी चौकट कधीतरी जोडावीच लागणार. कधीतरी बद्रीनाथ चिडणार, मालक स्वतः येऊन उभा राहणार, आणि त्याच्या तोंडून "बराबर" निघून जाणार. त्या दिवशी खड्डा वाफेने भरलेला असला तर सांगायला ते मीटरही नसेल. समोर धम्मपाल उभा होता. मुखवटा खाली ठेवून, निवांत. मामा आहे म्हणून निवांत.

"बद्रीभाऊ," वसंता म्हणाला, "ते मीटर ठिवू नका आत. मीटर खरं हाय."

"म्हंजे?"

"माझं नाक गेलं. मला कशाचाच वास येत न्हाई."

बद्रीनाथ मोठ्याने हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग वाटलं, मॅडमने दम दिला असणार. त्याने वसंताकडून मॅडमकडे आणि मॅडमकडून वसंताकडे पाहिलं. "कुणी शिकवलं हे बोलायला?"

धम्मपाल मात्र हसला नाही. त्याने चिंध्यांच्या डब्यातून दोन चिंध्या घेतल्या आणि पाठ फिरवून लांब रंगाच्या खोलीकडे गेला. परत आला तेव्हा दोन्ही ओल्या होत्या. "मामा, डोळे मिटा," तो म्हणाला. "एक पाण्याची हाय, एक थिनरची. सांगा कोणची कशाची."

वसंताने डोळे मिटले. एक चिंधी नाकाशी आली, गेली. दुसरी आली. खरं सांगून झालं होतं, तरी त्याने जीव लावून श्वास ओढला.

"पहिली," तो म्हणाला. "पहिली थिनरची."

त्याने डोळे उघडले. दुसरी चिंधी, थिनरची, अजून त्याच्या नाकासमोर होती आणि ती धरून धम्मपालचेच डोळे पाणावले होते. थिनरने असतील.

"कवापासून?" धम्मपालने विचारलं.

"ठाव न्हाई."

"ठाव न्हाई कसं? मागं सॉल्व्हंटच्या टाकीखाली मी अख्खी पाळी काम केलं. तुम्ही बराबर म्हणले व्हते. तवा येत व्हता का वास?"

वसंता आठवायला लागला. टाकीखाली तो वाकला होता. काही आलं नव्हतं, म्हणून तो बराबर म्हणाला होता. तेव्हा वास नव्हता, की नाक नव्हतं? आतून दोन्ही सारखंच लागतं.

"धम्मा, खरंच ठाव न्हाई," तो म्हणाला.

धम्मपालने चिंध्या टाकून दिल्या. त्या संध्याकाळी गाडीत तो मामाशेजारी बसला नाही. डब्याच्या दारात, लोकांकडे पाठ करून उभा राहिला. बदनापूरला उतरल्यावरही न बोलता पुढे निघून गेला.

वसंताला मिलमधून काढलं नाही. सोयाबीनच्या गोदामात पोती मोजायला बसवलं. बद्रीनाथ आता त्याला 'अहो' म्हणत नाही. गोदामापाशी येतो तो इकडेतिकडे बघतो, जसं काही वसंता अजून काहीतरी लपवून बसलाय. ज्योत्स्ना मॅडमने त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टर म्हणाले, येईल तर येईल, न्हाई तर न्हाई. बाकीच्यांचीही तपासणी झाली. आणखी एकाचं नाक अर्धं गेलेलं निघालं, आणि त्यालाही ते माहीत नव्हतं.

खड्ड्यावरच्या चौकटीचं काम पुढच्या आठवड्यात निघालं. वसंता गोदामाच्या दारातून बघत होता. मॅडमने मीटर खड्ड्यात सोडलं, शून्य दाखवलं आणि धम्मपालला म्हणाल्या, "चला, उतरा."

धम्मपाल उतरला नाही. "मॅडम, आधी ते तपासणीच्या गॅसवर लावा," तो म्हणाला. "माझ्यासमोर."

"सकाळीच लावलं की!"

"तुम्ही लावलं. मी न्हाई पाह्यलं."

बद्रीनाथ वैतागला. "अरे, आता मॅडमवर पण भरवसा न्हाई का तुझा?"

"न्हाई," धम्मपाल म्हणाला. "कुणावरच न्हाई."

मॅडमने छोटी टाकी आणली. मीटर किंचाळलं, आकडा वर चढला, मग मोकळ्या हवेत खाली आला. धम्मपालने ते त्यांच्या हातातून घेतलं, स्वतः वाकून खड्ड्यात फिरवलं, स्वतः आकडा वाचला. काम चालू असतानाही आकडा दिसावा म्हणून ते चौकटीवरच बांधून ठेवलं. मग मुखवटा ओढला. ठिणग्या उडाल्या, आणि वसंताने दाराची चौकट घट्ट धरली. काही झालं नाही. ठिणग्या पाण्यात पडून विझत राहिल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडला. वेल्डिंगचा दिवस असूनही सोनूबाईने आज भाकरीवर ठेचा ठेवला होता. तिने विचारलं नव्हतं, त्याने सांगितलंही नव्हतं. समोर सावली आली. धम्मपाल आपला डबा घेऊन उभा होता. तो जरा अंतर ठेवून, पोत्याला टेकून खाली बसला. वाकून मामाच्या भाकरीवरचा थोडा ठेचा घेतला.

"मामीनं लसूण लई घातलाय," तो म्हणाला.

वसंताने घास घेतला. जिभेला तिखट लागलं, डोळ्यांत पाणी आलं. लसणाचं काही कळलं नाही.

"घातला आसंल," तो म्हणाला.