पहिल्या रांगेतली शाल

मराठी मंडळात माझ्याकडे खुर्च्यांचं खातं होतं. टोरांटोच्या एटोबिको भागातल्या शाळेचं जिम भाड्याने घ्यायचं, खुर्च्या मांडायच्या आणि पहिली रांग कमिटीच्या घरच्यांसाठी धरून ठेवायची. जागा धरायची आपली पद्धत ठरलेली: शाल, मफलर, फार तर पर्स. लष्कराच्या भाकऱ्या खऱ्या, पण मी त्या ऐटीत भाजायचो.

२०११च्या संक्रांतीच्या कार्यक्रमाआधी माझ्या दहा वर्षांच्या मुलीचं शाळेत प्रेझेंटेशन होतं. विषय, कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातली एक काळी बाई. तिथल्या सिनेमागृहात खाली गोऱ्यांनी बसायचं आणि काळ्यांनी माडीवर. ही खाली बसली, उठायला तयार होईना, तेव्हा पोलिसांनी ओढून बाहेर काढलं आणि रात्रभर तुरुंगात ठेवलं. सरकारने चूक कबूल केली ती साठेक वर्षांनी, आदल्याच वर्षी. तयारी मीच करून घेतली आणि आवेशात म्हणालो, "मी तिथे असतो ना, तर तिच्या शेजारी जाऊन बसलो असतो." मुलीने माझ्याकडे आदराने पाहिलं. घरात आदर क्वचितच वाट्याला येतो, म्हणून मी तो आठवडाभर पुरवून वापरला.

कार्यक्रमाला मी आमच्या शेजारणीला बोलावलं होतं. मूळची जमैकाची, निवृत्त नर्स. आमच्या पहिल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल कसा करायचा, ते तिनेच शिकवलं होतं. पत्रिकेवरचं 'चार वाजता' तिने बिचारीने खरं मानलं. अख्ख्या जिममध्ये ती एकटी, पहिल्या रांगेत मधोमध, अध्यक्षांच्या सासूबाईंची शाल नीट घडी करून शेजारच्या खुर्चीवर ठेवून बसली होती.

मागे एकदा सासूबाईंना तिसरी रांग मिळाली, तर अध्यक्ष चार महिने माझ्याशी बोलले नव्हते. मी हसत हसत तिला म्हणालो, मागून स्टेज जास्त छान दिसतं.

ती उठली, कोट उचलून मागे निघाली. इतक्या सवयीने उठली की मला ते खुपलं.

तिळगुळाच्या वाट्या मांडणारी माझी मुलगी हे सगळं बघत होती. ती आली, शेजारणीचा हात धरून तिला परत त्याच खुर्चीवर बसवलं आणि स्वतः दुसऱ्या बाजूला बसली.

"बेटा, ही सीट रिझर्व्ह्ड आहे."

"दे सेड दॅट टू, बाबा."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मला लाज वाटली, आणि मी शेजारणीची माफी मागितली. ती हसली. म्हणाली, याहून चांगल्या खुर्च्यांवरून मला उठवलंय, त्यांना निदान गादी तरी होती.

पाचला अध्यक्ष आले, मागोमाग सासूबाई.

"अहो, आईंची जागा कुठाय?"

मुलीने शाल उचलून सासूबाईंच्या हातात दिली आणि ती रिकामी खुर्ची थोपटली.

"बाबा, यू सेड यू वुड सिट."

मी बसलो. नजर स्टेजवरच ठेवली. पोलीस नव्हते, तुरुंग नव्हता, समोर नुसते मंडळाचे अध्यक्ष होते, आणि मला तेवढंही झेपत नव्हतं.