लिंबू-मिरची चालेल, नारळ नाही

पंचेचाळीसकाका कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची परीक्षा घ्यायचे. बसा-उठा, पाणी, ख्यालीखुशाली, सगळं नंतर. दार अर्धं उघडायचं, हात काढून घ्यायचा आणि मान तिरकी करून बघत उभं राहायचं. दार सोडलं तिथेच थांबलं तर आत पाऊल. आपोआप मिटलं किंवा भिंतीवर जाऊन आपटलं, तर त्या घरचा चहासुद्धा त्यांना पाणचट लागायचा. भाचीसाठी स्थळ बघायला राहात्याला गेले होते तेव्हाही हेच. मुलगा शिक्षक, घर म्हणजे बंगला, माणसं बोलायला गोड. काकांनी दार सोडलं आणि ते धाडकन आपटलं. "ज्यांना इतक्या वर्सांत एक बिजागरी नीट बसवता आली न्हाई, ते आमची पोरगी काय सांभाळतील?" असं तिथेच, पोह्यांची बशी हातात असताना म्हणाले. स्थळ मोडलं. भाचीने पुढे वर्षभर मामाशी बोलणं टाकलं, आणि अगदी बरोबर केलं.

हे गृहस्थ आमच्या दुकानात फिटर होते. कोपरगावात आमचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. पंपाचे स्टार्टर, केबल, आणि अलीकडे रस्त्यात आडवी पडणारी ती ऑटोमॅटिक फाटकं. फाटकं विकायची आमच्या ह्यांनी, बसवायची काकांनी, आणि मागाहून येणाऱ्या शिव्या फोनवर ऐकायच्या मी. कारण काका फाटकाबरोबर गिऱ्हाइकाचा अपमानही फुकटात बसवून देत. आमचे हे स्वभावाने गरीब. फोन वाजला की त्यांना नेमकं गोडाऊनमध्ये काहीतरी शोधायचं असायचं. मग मी होतेच. "काका मनाने चांगले आहेत हो," हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोलले असेन तितक्या वेळा देवाचं नावसुद्धा घेतलं नसेल.

पंचेचाळीस हे नाव त्यांना ह्यांनीच दिलं. अशा फाटकाच्या पेटीत मोटर असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आत एक जाडजूड स्प्रिंग असते आणि दांड्याचं सगळं वजन खरं तर ती पेलते. मोटरने नुसतं ढकलायचं. स्प्रिंग ढिली राहिली तर दांडा खाली कोसळायला बघतो, जास्त ताणली तर वर उसळतो. काका वीज बंद करायचे, पेटीची चावी फिरवून दांडा मोकळा करायचे, हाताने अर्ध्यावर, म्हणजे पंचेचाळीस अंशांवर नेऊन सोडून द्यायचे. "जिथं सोडलं तिथं थांबलं पायजे, वैनी. वर जायची घाई नको, खाली पडायची बी नको." तो थांबेपर्यंत स्प्रिंगचा नट पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. दुपार उलटून जायची. गिऱ्हाईक म्हणायचं, झालं की हो, चालतंय की! त्यावर काका त्याच्याकडे अशा नजरेने बघायचे की त्याने लहानपणी शाळेत कधी कॉपी केली असेल तर तीही आठवावी.

आणि दांडा थांबला की स्वतः त्याच्याखाली जाऊन उभे राहायचे. डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची फुकट मिळालेली टोपी, हात मागे बांधलेले, चेहरा फोटो काढायला उभं केल्यासारखा. "आदी माझं टाळकं, मग तुमची गाडी." तसं उभं राहिल्याशिवाय त्यांनी एकही फाटक कुणाच्या हवाली केलं नाही. मला हा निव्वळ नाटकीपणा वाटायचा. रविवारी चर्चला जाणारा, तिथल्या रीतीने 'सलाम, वैनी' म्हणून दुकानाची पायरी चढणारा माणूस, मी त्यांना म्हणायची, "काका, एवढी परीक्षा तुमचा देवही घेत नसेल." ते म्हणायचे, "त्याला घाई न्हाई. तो शेवटाला घेतो."

गिऱ्हाइकं तरी कुठं धड होती म्हणा. हमरस्त्याच्या कडेला मंगल कार्यालय काढणारे एक शेठ होते. त्यांना फाटक हवं होतं ते गाड्या अडवायला नव्हे, पाहुण्यांना दिपवायला. उद्घाटनाला त्यांनी दांड्याच्या टोकापासून बुडापर्यंत झेंडूची माळ गुंडाळली, मध्ये आंब्याचे टहाळे लावले आणि टोकाला लाल फडक्यात बांधलेला नारळ लटकवला. पहिलीच गाडी वरबापाची. दांडा अर्धा उठला, कण्हला आणि गाडीच्या टपावर येऊन टेकला. काकांना बोलावणं गेलं. मांडवभर पाहुण्यांच्या देखत काकांनी नारळ सोडवला, शेठच्या हातात दिला आणि म्हणाले, "लिंबू-मिरची चालंल, नारळ न्हाई. भक्ती करायची तर पेटीम्होरं करा, दांड्याला वजन लावू नका." शेठच्या अंगाचा तिळपापड. तो फोन मी घेतला तेव्हा कान लाल झाला होता, रिसीव्हरमुळे नव्हे.

तरी आपल्या माणसांची हौस जात नाही. नवी वस्तू दिसली की तिला आधी सजवायची, मग ती चालते का ते बघायचं. दसऱ्याला तर काकांचा फोन दिवसभर वाजायचा. कुणी दांड्याला उसाची मोळी बांधलेली, कुणी घंटा. काका एकेकाची आरती ओवाळत सगळीकडे फिरायचे आणि संध्याकाळी थकून येऊन मला म्हणायचे, "वैनी, जगात लई गाढवं हायेत, पन आपल्या जिल्ह्यात जरा जास्तच."

आता मुख्य गाढवपणाचं सांगते. तो त्यांनी स्वतः केला.

कोल्हारच्या अलीकडे एका दूध संघाचं फाटक आम्ही बसवलं होतं. दुधाचे टँकर दिवसरात्र ये-जा करणारे. तिथला वॉचमन सुखदेव, सरळ माणूस. संघाच्या चेअरमनचा वाढदिवस आला आणि मंडळींनी लोखंडी चौकटीत ठोकलेला त्यांचा भलामोठा फ्लेक्स थेट दांड्यालाच टांगला. दांडा वर गेला की साहेब आभाळात, खाली आला की साहेब रस्त्यात आडवे. दुसऱ्या दिवशी मोटर रडायला लागली. काका गेले, पक्कड काढली आणि साहेबांना उतरवून भिंतीला उलटं टेकवून ठेवलं. झालं! संघात हलकल्लोळ. साहेबांचं तोंड भिंतीकडे केलं म्हणजे काय!

संघाचे एक संचालक होते. त्यांचं नाव मी घेणार नाही, मी त्यांना इस्त्रीवाले म्हणते. कपड्याला एक सुरकुती नाही आणि पाठीला एक कणा नाही. त्यांनी काकांना बोलावून घेतलं. मी सोबत गेले होते, कारण काकांना एकटं सोडणं म्हणजे आणखी एक गिऱ्हाईक गमावणं. काका सरळ म्हणाले, "दांड्यावर एकतर फाटक चालंल न्हाईतर खुशामत. दोन्ही न्हाई." मला वाटलं, संपलं. पण इस्त्रीवाले चिडले नाहीत. नुसते हसले आणि म्हणाले, "जाऊ द्या. नगरचा एक पोरगा म्हणत होता, स्प्रिंग ताणली की जमतंय. तुमच्यानं होत नसंल, वय झालं आता."

बस्स! एवढंच पुरलं. जो माणूस शेठला भ्याला नाही, चेअरमनला भ्याला नाही, तो या एका टोमण्याने हरभऱ्याच्या झाडावर सर्रकन चढला. "कोन म्हनतो व्हत न्हाई?" मी मागून शर्ट ओढत होते. "काका, चला." छे! उन्हात बसून त्यांनी ती स्प्रिंग साहेबांच्या वजनाला ताणली. फ्लेक्ससकट दांडा अर्ध्यावर सोडला, आणि तो थांबला. साहेब हवेत तिरके लटकले, हात जोडलेले, दात काढलेले. काका त्यांच्याखाली जाऊन उभे राहिले. माझ्याकडे असं बघितलं की जणू रायगड घेतला. मला त्यांची इतकी चीड आली की परतीच्या वाटेवर व्हॅन मी नुसती दामटत होते.

पण स्वारीचा रायगड व्हॅनमध्येच ढासळला. शिर्डीच्या पुढे आल्यावर म्हणाले, "वैनी, आता तो फ्लेक्स उतरला की दांडा बंदुकीवानी उडंल." त्यांनी सुखदेवला फोन लावून बजावलं: फ्लेक्स काढायचा तर आधी मला कळव, मी स्प्रिंग ढिली केल्याशिवाय पेटीच्या चावीला हात लावायचा नाही. त्यानंतर दर आठवड्याला विचारायचे, "हाय का साहेब?" आणि सुखदेव म्हणायचा, "हायेत, काका." चेअरमनच्या तब्येतीची एवढी काळजी त्यांच्या बायकोनेही केली नसेल.

मग संघाची निवडणूक लागली आणि साहेबांचं पॅनल आडवं झालं. निकालाच्या दिवशी सुखदेवचा फोन आला. मागे डीजे एवढा की त्याचं बोलणं ऐकू येईना. "काका, कोयत्यानं कापत्यात फ्लेक्स!" काकांनी ताटातली भाकरी तशीच टाकली. मी व्हॅन काढली. रस्ताभर ते एकच वाक्य पुटपुटत होते, "लाईट जाऊ नये. लाईट जाऊ नये." लाईट होती तोवर मोटर दांडा धरून होती. लाईट गेली की कुणीतरी चावी फिरवून दांडा हाताने उचलायला जाणार, हे त्यांना माहीत होतं. आणि दांड्याशी सुखदेव उभा असणार, हेही.

आम्ही पोहोचलो आणि लाईट गेलेली. डीजे मात्र जनरेटरवर जोरात. फाटकापुढे विजयी मंडळींची जीप अडकलेली, गुलाल उधळतोय. सुखदेव दांड्यावर वाकून चौकटीच्या उरलेल्या तारा तोडत होता, हनुवटी बरोबर दांड्याच्या वर. आणि पेटीपाशी कोण? इस्त्रीवाले! निकालाच्या आदल्या दिवशी पलीकडे उडी मारलेले. तोच कडक सदरा, फक्त आता गुलाबी. सुखदेव एका हाताने त्यांना नको नको करत होता. "वॉचमनचं काय ऐकायचं!" म्हणत त्यांनी चावी घातली.

काका ओरडले. कोण ऐकतंय! मग तो म्हातारा धावला. मी त्यांना तोवर कधी धावताना बघितलं नव्हतं. चावी फिरली आणि काकांनी वरून दोन्ही हातांनी दांड्याला मिठी मारली. दांड्याने त्यांना उचललं. पाय जमिनीवरून सुटले, टोपी उडाली, खांद्यातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. पण उसळी मंदावली. तेवढ्यात सुखदेव मागे कोलमडला. त्याच्या हनुवटीला साधं खरचटलंही नाही. काका लोंबकळत इस्त्रीवाल्यांना ज्या शिव्या देत होते त्या मी इथे लिहीत नाही. लिहिण्यासारख्या नाहीत, पण एकही चुकीची नव्हती. मी रस्त्यातच रडायला लागले. त्या हट्टी माणसाचा इतका राग आला होता आणि इतकी माया, की कशासाठी रडतेय ते मलाच कळेना.

दवाखान्यात इस्त्रीवाले फोटोग्राफर घेऊन आले. शाल आणि श्रीफळ. संघातर्फे सत्कार म्हणे! काकांनी शाल पायावर टाकून घेतली, थंडी वाजत होती. नारळ परत केला. "नारळ न्हाई," म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. फोटो तेवढाच निघाला.

स्प्रिंग मात्र त्यांनी स्वतःच ढिली केली. बरं वाटल्यावर गेले, सुखदेवला पान्हा धरायला लावला आणि शेजारी स्टुलावर बसून पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे सांगत राहिले. दांडा थांबला तेव्हा सुखदेव न सांगता त्याच्याखाली जाऊन उभा राहिला. काकांनी त्याला बाजूला ढकललं आणि आपण उभे राहिले. अहंकार तो, खांद्याबरोबर मोडला नव्हता.

काम मात्र सुटलं. मागच्या महिन्यात मुलगी त्यांना पुण्याला घेऊन जायला आली. निघताना दुकानात आले. आधी आमचं काचेचं दार अर्धं उघडून सोडलं. थांबलं. मग बसले. मी चहा मागवला आणि फोन वाजला. हे सवयीने गोडाऊनकडे निघाले.

इस्त्रीवाले होते. "वहिनी, नव्या चेअरमनसाहेबांचा वाढदिवस आहे. छोटासाच फ्लेक्स. स्प्रिंग जरा ताणून द्यायला माणूस पाठवा."

काका मान तिरकी करून माझ्याकडे बघत होते, दाराकडे बघायचे तसे.

"लावा ना," मी म्हटलं. "पण आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्याने वजन लावलं त्याने आधी दांड्याखाली उभं राहायचं. तुम्ही या, उभे राहा, मग चावी मी फिरवते."

"वहिनी, असं बोलाल तर काम दुसरीकडे जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणाले आणि फोन ठेवला. ह्यांचं तोंड पडलं. मी काही मनाने चांगली वगैरे नाही, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

काका उठले. चहा अर्धाच प्यायला होता, पाणचट होता म्हणाले. दारात वळून "सलाम, वैनी" म्हणत त्यांनी उजवा हात उचलला. कपाळापर्यंत तो आता जात नाही. अर्ध्यावर आला आणि थांबला.

त्यांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "बगा," म्हणाले, "जिथं सोडला तिथं थांबतोय."