अर्ध्यावर सोडलेली पूजा

लग्नानंतर मी बीडकडून रहाटणीला आले. पिंपरीला नव्यानं निघालेल्या कारखान्यात नवरा लागला होता, आणि एका शेतकऱ्याच्या घरात आम्ही खोली घेतली होती. घरमालकीण मावशी मोठ्या भाविक. सकाळी ओलेत्यानं पूजेला बसायच्या आणि पूजा होईपर्यंत कुणाला शिवू द्यायच्या नाहीत, अन्नही तोंडात घालायच्या नाहीत.

मला सातवा महिना होता. एका सकाळी नवरा कामावर गेल्यावर आडावरून पाणी आणताना भोवळ आली आणि मी अंगणातच पडले. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं मावशींच्या ओल्या मांडीवर होतं, आणि देवापुढची दुधाची वाटी त्या माझ्या तोंडाला लावत होत्या.

मी घाबरून म्हणाले, "मावशी, मला शिवलात! हे तर देवाचं दूध."

"मग तुला कुनी धाडलंय हितं? पी मुकाट्यानं."

त्यांनी मला अंथरुणावर निजवलं, सुईणीला बोलावणं धाडलं आणि ती तपासून जाईपर्यंत माझे तळपाय चोळत बसल्या. मग पुन्हा आंघोळ करून त्यांनी राहिलेली पूजा पुरी केली. त्या जेवल्या तेव्हा उन्हं कलली होती.

दोन महिन्यांनी मला मुलगी झाली. माझी आई लांब होती, म्हणून बाळंतपण मावशींनीच केलं. सव्वा महिना रोज माझ्या लेकीला न्हाऊ घालून मगच त्या देवापुढे बसायच्या.