स्प्रिंगमागची कडी

या नोव्हेंबरात माझ्या बंदुकीचं लाकूड फुटलं. नळीखाली डाव्या हातानं धरतो ते. एकच बार काढला, पक्षी गेला निघून, आणि हातात कडकन् आवाज झाला. बघतो तर बोटाएवढी चीर.

सोबत माझा शिकारीचा जोडीदार होता. इथल्या ट्रॉय शहराजवळच्या एका कारखान्यात आम्ही दोघं लेथवर, तीस वर्षं शेजारी शेजारी. ही बंदूक त्याच्या वडिलांची. एकदा चाप ओढला की रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं आणि दुसरं चढतं, तसली जुनी. त्यांच्याकडे दोन होत्या. एक त्यानं ठेवली, एक मला दिली. जोडीदार गोरा आहे, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तरी मला काका म्हणतो, कारण आमच्या घरी येणारी सगळी मराठी पोरं काका म्हणायची. माझ्या बायकोला काकू म्हणायचा. तिच्या चिवड्याचा डबा घरी नेऊन लपवून ठेवायचा.

"काका, म्हातारी मोडली," तो म्हणाला. बंदुकीला आम्ही म्हातारी म्हणतो.

"मोडली नाही. चिरली."

"नवीन लाकूड ऑर्डर करू. घरपोच येतं."

"नको. मी जोडतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याची बायको. येताना दूध आण, म्हणत होती. तो हो हो म्हणाला, फोन खिशात टाकला आणि वैतागल्यासारखे डोळे फिरवले. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. जानेवारीत माझी बायको गेली, तेव्हापासून मला कोणी दूध आण म्हणालेलं नाही. दूध मीच आणतो आणि मीच नासवतो.

घरी आलो आणि गॅरेजमधल्या टेबलावर बंदूक उघडली. चार वर्षांत ती मी उघडलीच नव्हती. आधी गुडघ्याचं ऑपरेशन, मग दोन वर्षं हिचं आजारपण, मग ही गेली. बंदूक कपाटात कुलपात होती, आणि या वर्षी काढली ती तशीच घेऊन गेलो.

या जातीच्या बंदुकीत बार काढला की सगळी नळीच मागं सरकते. तिला आवरायला एक मोठी स्प्रिंग आणि एक लोखंडी कडी असते. जड काडतुसं वापरायची तर कडी स्प्रिंगच्या पुढं ठेवायची, म्हणजे ब्रेक लागतो. हलकी वापरायची तर मागं. कडी मागं ठेवून जड काडतूस उडवलं तर नळी दणकन् मागं येते आणि लाकूड फुटतं. एवढंच शास्त्र आहे. शाळा मी सातवीत सोडली, पण हे मला झोपेत विचारा.

कडी मागं होती.

हलकी काडतुसं मी आयुष्यात विकत आणली नाहीत. म्हणजे ही बंदूक माझ्यामागं कोणीतरी उडवली होती. कपाटाची किल्ली कुठं असते ते घरात आम्हा नवराबायकोलाच माहीत, आणि कडीचं शास्त्र गावात मला आणि माझ्या या जोडीदारालाच.

दुसऱ्या दिवशी तो गोंद घेऊन आला. उपड्या बादलीवर बसला. मी कडी त्याच्यासमोर ठेवली.

"ही मागं कोणी लावली?"

त्यानं गोंदाची बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "मीच."

"कधी?"

"तुझा भाऊ वारला, तू इंडियाला गेलास, तेव्हा. काकू म्हणाली, मला शिकव."

माझी बायको नर्स होती. तिच्या नोकरीमुळेच मी या देशात आलो. रक्तामांसाला ती भीत नव्हती, पण मटणाला हात लावत नव्हती. मी मारलेले पक्षी स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. इथंच गॅरेजमध्ये सोलायचे, इथंच शेगडीवर शिजवायचे आणि आंघोळ करून घरात यायचं.

"ती? बंदूक?"

"पक्षी नाही मारले. सरावाच्या मातीच्या थाळ्या. मी हवेत फेकायचो, ती हलक्या काडतुसांनी उडवायची. म्हणाली, हा दरवर्षी त्या शेतात जाऊन काय बघतो ते मला बघायचंय. पुढच्या सीझनला तुझ्याबरोबर चालत येणार होती. तोवर सांगू नको म्हणाली. मग तुझं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मग तिचं ते. मग कसं सांगू? आणि कडी परत फिरवायची राहिली. लाकूड माझ्यामुळं फुटलं, काका. सॉरी."

लाकडाचं मला काही नव्हतं.

"किती वेळा गेलात?"

"चार शनिवार."

तिकडून मी दर रविवारी फोन करायचो. एकदा म्हणाली, उजवा खांदा दुखतोय, झोपेत अवघडला असेल. मी म्हणालो, बाम लाव. ती हसली होती. मला वाटलं, माझ्या काळजीला हसली.

लोक मनात आणतील तसलं माझ्या मनात काही आलं नाही. तो माणूस तसा नाही आणि ती तर नव्हतीच. तरी माझा जळफळाट झाला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारातले सगळे दिवस आपल्याकडं आहेत असं मी धरून चाललो होतो, आणि चार त्याच्याकडं निघाले. हसली असेल, चिडली असेल, थर्मासमधला चहा त्याला ओतून दिला असेल.

"मला का नाही विचारलं तिनं?"

"तू ओरडतोस म्हणाली. गाडी शिकवताना ओरडलास."

हे खरं होतं. पार्किंगमध्ये मी असा ओरडलो की ती गाडीतून उतरून चालत घरी आली, आणि मग गाडी दुसऱ्या एका नर्सकडून शिकली.

त्याच्या पिकअप ट्रकमध्ये समोर काचेखाली एक लाल रिकामं काडतूस कित्येक वर्षं पडलेलं असायचं. मला एकदम आठवलं. "ते तिचं?"

"पहिली थाळी फोडली त्याचं."

"दे मला."

"नाही. ते तिनं मला दिलं."

त्याच्या जागी मीही दिलं नसतं. पण त्या दिवशी मी त्याला गॅरेजबाहेर काढलं.

लाकडात गोंद भरला आणि वर तिच्या औषधाच्या डब्यातली क्रेप बँडेजची पट्टी करकचून बांधली. ती बांधायची तशी बसेना. तीनदा सोडली, तीनदा बांधली. गोंद वाळायला एक दिवस पुरला असता, पट्टी मी आठवडा तशीच ठेवली. त्याचे फोन आले, घेतले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मीच फोन केला.

"जागा दाखव."

"येताना हलकी काडतुसं आणू?"

"मी आणलीत."

कापलेल्या मक्याचं शेत होतं. मी उभा राहिलो, तर म्हणतो, "दोन पावलं डावीकडं. ती तिथं उभी राहायची. आणि पाय जरा जवळ." माझी बायको कशी उभी राहायची ते हा मला शिकवत होता. मी दात खाऊन पाय जवळ घेतले.

त्यानं हातानं थाळी फेकली. चुकली. दुसरी चुकली. कडी मी मागंच ठेवली होती, तिच्यासाठी लावलेली तशी. म्हातारी मऊ चालली, लाकूड टिकलं. तिसरी थाळी फुटली. काडतूस उडून माझ्या बुटाशी पडलं. तो उचलायला वाकला.

"राहू दे. हे माझं आहे."

मी वाकेपर्यंत, गुडघ्यामुळं वेळ लागतो, तो थांबला. ट्रकमध्ये बसल्यावर त्याचा फोन वाजायला लागला. त्यानं बघितलं आणि तसाच वाजू दिला.

"घे की. दूध सांगायचं असेल."

"सांगेल नंतर."

"मग सांग. पहिल्या शनिवारी काय काय झालं. पहिल्यापासून. तिनं कुठला स्वेटर घातला होता, तिथून."

घर येईपर्यंत त्यानं त्या एका शनिवारचं सगळं सांगितलं. निळा घातला होता. तीन शनिवार अजून त्याच्याकडंच आहेत.