सोलकढीतले मासे

मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर माझ्या हॉलमधले मासे सोलकढीत पोहत होते.

सुरुवात अगदी शास्त्रीय झाली होती हो! मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. खाली काचेच्या टाकीत मासे, वर ट्रेमध्ये भाजी. माशांची घाण पंपाने वर चढते, तिचं खत होतं, भाजी ते खाते आणि स्वच्छ पाणी परत खाली. माती नाही, विकतचं खत नाही, कटकट नाही! मी सोफ्यावरून उठलेच. "अहो, ऐकलंत का? आपण हॉलमध्ये मासे पाळायचे आणि त्यांच्यावर पुदिना लावायचा!"

आमचे 'हे' एसटीत कंट्रोलर होते. खेडच्या डेपोत उभी हयात गाड्यांची घोषणा करण्यात गेली, त्यामुळे घरातही ते बोलत नाहीत, जाहीर करतात. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"रत्नागिरीत ऱ्हाऊन हॉलात मासे? समुद्र काय बंद पडला?"

मी लक्ष दिलं नाही. टाकी आली, पंप आला, खेडकडच्या एका शेततळ्यातून आठ तिलापिया आले. (शेजारचे दाजी येऊन बघून गेले. "गोड्या पाण्यातला मासा? त्याला चव काय असणार!" असं म्हणून त्यांनी माझ्या माशांकडे जी नजर टाकली, ती मी अजून विसरलेले नाही.) त्यातला एक मोठा होता. सतत काचेला तोंड लावून, आ वासून, सगळ्यांवर लक्ष ठेवायचा. त्याचं नाव मी हेडमास्तर ठेवलं. चार दिवसांत माझा त्या आठही जणांवर इतका जीव जडला, की सकाळी चहाच्या आधी मी त्यांना दाणे घालायला लागले आणि ह्यांचा चहा राहायला लागला.

आता वरच्या ट्रेमध्ये मुळांना धरायला काहीतरी भरावं लागतं. व्हिडिओतला माणूस म्हणाला, भाजलेल्या मातीच्या गोळ्या आणा. त्या कुठे मिळायच्या? आणि इथे भाट्याच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा खच पडलेला! मी मुलीला, मानसीला, स्कूटर काढायला लावली आणि पिशव्या भरभरून शिंपल्या आणल्या. धुतल्या, ट्रेमध्ये पसरल्या, पुदिना आणि माठ लावला. काय देखणं दिसत होतं! मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

पाणी तपासायची एक पेटी असते. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. माझ्यासाठी हा तर डाव्या हाताचा खेळ! मी ऐटीत नळी उजेडात धरली. निळीशार! म्हणजे पाण्याचा सामू, तुमचा पीएच हो, भलताच वर. तक्त्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की सामू वर असेल तर माशांच्या घाणीतला अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून तो थोडा थोडा खाली आणावा.

खाली आणायला आम्ल हवं. आणि कोकणातल्या घरात आम्ल शोधायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. फळीवर कोकमाच्या आगळाच्या, म्हणजे खारवलेल्या आंबट रसाच्या, बाटल्या रांगेने उभ्या होत्या.

मी पळीभर आगळ ट्रेमध्ये ओतलं. आणि काय सांगू! शिंपल्यांवर बारीक बारीक बुडबुडे यायला लागले.

"ऑक्सिजन!" मी ओरडले. "अहो, बघा, पाणी श्वास घेतंय!"

"श्वास घेतंय, ता ठीक," हे म्हणाले. "पण पाणी जांभळा कनाला झाला? वांगी शिजवलीस काय ह्यात?"

"रंग उतरेल!" मी म्हणाले.

रंग उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सामू मात्र चढून पुन्हा जागेवर! मी दोन पळ्या घातल्या. संध्याकाळी खाली, सकाळी वर. मी वाटी घातली. खाली, वर! मला आता चेव चढला. आगळ सामूला खाली खेचत होतं आणि कुणीतरी अदृश्य हात त्याला परत वर ढकलत होता. मी पाण्याला दोष दिला, पंपाला दिला, ह्यांच्या विड्यांच्या धुरालाही दिला. ज्या ट्रेमधून बुडबुडे येत होते, त्याच्याकडे मात्र मी कौतुकाने बघत होते.

आणखी एक गंमत झाली. पेटीची तपासणी रंगावर चालते, आणि आता मुळातल्या पाण्यालाच रंग! नळीत थेंब टाकला की जो रंग यायचा, तो तक्त्यावर कुठेच नव्हता. शिंपल्यांचा पांढरा चुरा सुटून पाणी गढूळ झालं, आगळाच्या मात्रा वाढून जांभळ्याचं गुलाबी झालं, आणि एका सकाळी मी टाकीसमोर उभी राहिले तेव्हा मला सरळ भूकच लागली. थेट सोलकढी! फक्त कोथिंबीर भुरभुरायची बाकी होती.

नेमकं तेव्हाच मानसीचं लग्न ठरत होतं. मुलगा, ओंकार, तिने स्वतःच निवडला होता, सोन्यासारखा मुलगा. पण त्याचे वडील दत्ताशेठ, पावस गावचे आंब्याचे बागायतदार, अजून 'हो' म्हणाले नव्हते. "घर बघू, माणसं बघू, मग बोलू," असा निरोप होता. ते रविवारी जेवायला येणार होते. आणि ओंकारची आई सुषमा ही कोण? मालगुंडच्या शाळेतली माझी विद्यार्थिनी! पहिल्या बाकावरची, सतत हात वर. तिला मी फोनवर केवढ्या फुशारकीने सांगितलं होतं, "ये गं सुषमा, तुला माझ्या हॉलमधल्या माठाची भाजी खाऊ घालते. पाण्याचं सगळं शास्त्रशुद्ध चालतं माझ्याकडे!"

शनिवारी मानसी रडकुंडीला आली. "आई, निदान रविवारपुरती चादर टाक ना त्या टाकीवर!"

"चादर कशाला? उद्यापर्यंत काचेसारखं करते पाणी."

"आई, त्या लोकांनी नाही म्हटलं ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

ती चेष्टेने म्हणत नव्हती. 

रविवारी सकाळी माझे आठही मासे वर येऊन तोंडं उघडत होते. हेडमास्तरसुद्धा! तो काच सोडून कधी हलायचा नाही, तोही वर येऊन धापा टाकत होता. मला रडूच आलं. मी धावत जाऊन शेवटची बाटली आणली आणि अख्खी उपडी केली. मग स्वयंपाकघरातून ह्यांची गर्जना आली, "आगळ कुठे गेला? सोलकढी कशाची करू?" (रविवारची सोलकढी ह्यांच्या हातची, तिला कुणी हात लावायचा नाही.) हे दाजींकडे बाटली मागायला गेले. इकडे मी पाण्याचा रंग नीट दिसावा म्हणून काचेच्या पेल्यात टाकीतलं पाणी घेतलं, खिडकीशी धरलं, आणि तेवढ्यात बेल वाजली. मी पेला टीपॉयवर ठेवला आणि पदर सावरत दार उघडलं.

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले दत्ताशेठ, मागे ओंकार, आणि त्याच्यामागे सुषमा. खरं तर ती मुलाकडची, तिने तोऱ्यात यायचं. पण मला बघताच तिने हात जोडले. "नमस्ते, बाई!" मी बसा म्हणेपर्यंत ती उभीच!

मी मनात म्हटलं, निम्मी लढाई जिंकली. मी पाणी आणायला आत वळले. हे मागच्या दाराने परत आले होते, नारळाचं दूध तयारच होतं; दाजींच्या आगळाची सोलकढी पेल्यांत भरून ते ट्रे घेऊन बाहेर येत होते. आम्ही दोघं एकदमच हॉलमध्ये पोचलो, आणि बघतो तर दत्ताशेठ पेला तोंडाला लावून घटाघटा पीत होते.

ट्रेमधला पेला नव्हे. ट्रे तर अजून ह्यांच्या हातात होता!

 मानसी दारात थिजली. दत्ताशेठनी पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि क्षणभर विचार केला.

"मीठ जरा जास्ती झाला," ते म्हणाले. "आणि नारळ कमी हाय. पण वास वेगळा हाय हो. बांगडा घातलाव काय?"

"तिलापिया," हे म्हणाले. (त्यांना घोषणेची सवय! खरी माहिती दाबून ठेवणं त्यांना जमतच नाही.) "तुम्ही जा प्यायलाव, ता टाकीतला पाणी होता."

सगळ्यांनी एकदम टाकीकडे पाहिलं. गुलाबी पाणी, वर आठ उघडी तोंडं. दत्ताशेठनी माशांकडे पाहिलं, माशांनी दत्ताशेठकडे. मानसीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं! माझ्या पोरीचं लग्न मी एका पेल्यात बुडवलं!

आणि सुषमा टाकीकडे चालत गेली. ती ट्रेवर वाकली, बुडबुड्यांकडे पाहिलं आणि तिचा उजवा हात आपोआप वर झाला. पहिल्या बाकावरच्यासारखा!

"बाई, यात काय घातलंत? आगळ?"

"हो."

"आणि खाली शिंपल्या?"

"हो गं."

ती ताठ उभी राहिली आणि वर्गातल्या चालीत घडाघडा म्हणाली, "शिंपल्यात कॅल्शियम कार्बोनेट असते. त्यावर आम्ल टाकले असता कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे येतात आणि आम्लाचा गुण नष्ट होतो! बाई, तुम्हीच तर दर वर्षी शिंपल्यावर लिंबू पिळून दाखवायचात!"

मी ट्रेकडे पाहिलं.  कुणीतरी अदृश्य हात सामू वर ढकलत होता ना? तो हात मीच पिशव्या भरभरून भाट्यावरून आणला होता. आणि तो ऑक्सिजन नव्हता हो, तो कार्बन डायऑक्साइड होता! माझे मासे गुदमरत होते आणि मी त्यांना टाळ्या वाजवत होते.

"आधी मासे काढा!" सुषमा ओरडली. तिने पदर खोचला. त्यानंतर बघण्याचा कार्यक्रम असा काही राहिलाच नाही. अंगणातल्या विहिरीचा पाइप हॉलपर्यंत पोचेना, म्हणून ओंकार आणि मानसी बादल्या घेऊन धावायला लागले. सुषमा आणि मी ट्रे उपडा करून शिंपल्या वेचायला बसलो. ह्यांनी कोंबडीवड्यांच्या रश्शासाठी काढलेला मोठा टोप आणून विहिरीच्या पाण्याने भरला. "आता टोपात जातील, हेडमास्तर आणि सात!" असं जाहीर करत ते एकेक मासा चाळणीने उचलायला लागले. हेडमास्तरने चाळणीतूनच उडी घेतली आणि तो सरळ सोफ्याखाली गेला!

"पकडा!" मी किंचाळले. "तो माझा सगळ्यात लाडका आहे हो!"

तर पांढऱ्या शर्टातले दत्ताशेठ आडवे झाले आणि सोफ्याखाली घुसले. आतून धडपडल्याचे आवाज आले. मग त्यांचा दबलेला आवाज, "गावला! गावला!" आणि दोन्ही हातांत हेडमास्तर धरून, धुळीने माखलेले, ते रांगतच बाहेर आले. त्यांना एवढं हसू फुटलं होतं की बोलता येईना.

"वहिनी," ते कसेबसे म्हणाले, "आमच्या घरात हसायला माणूस नाय. मुलगी पसंत हाय आम्हाला. तुम्हीपण पसंत!"

मानसी बादलीसकट खाली बसली आणि रडायलाच लागली. मीही रडले. सुषमाने मला मिठी मारली आणि म्हणाली, "बाई, रडू नका, सामू बिघडेल!"

आठही मासे वाचले. ट्रेमध्ये आता नदीतले गुळगुळीत गोटे आहेत, नळी हिरवी येते, म्हणजे सामू जागेवर, आणि पुदिना दाजींनासुद्धा पुरतो. मी फळीवरच्या आगळाला हात लावत नाही. ह्यांनी बाटल्यांना कुलूप लावलंय, ते वेगळं.

लग्न थाटात झालं. पंगतीत सोलकढी आली तेव्हा मी विहीणबाई म्हणून मानाने मध्ये बसले होते. माझ्या समोर दत्ताशेठ. त्यांनी पेला उचलला, तोंडाकडे नेला, थांबले, उजेडात धरून आत मासा आहे का ते नीट पाहिलं, आणि मगच प्यायले. त्यांच्यामागोमाग अख्ख्या पंगतीने पेले वर धरले!