गवताच्या ढिगाने हलवलेला बांध

फर्जानीने कुंपण शेजारणीच्या समुद्रात रोवलं.

ट्युनिशियाच्या केरकेना बेटांवर शेतासारखे समुद्राचेही वाटे असतात, बापाकडून लेकाकडे आलेले. उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्यांची भिंत उभी करायची. ओहोटीला मासे तिच्या कडेने सरकत टोकाच्या पिंजऱ्यात शिरतात. फर्जानीचा जन्म यातच गेला. त्याच्या बांधाची खूण एकच: होडीतून बघताना काळा खडक आणि मागचा पांढरा दर्गा एका रेषेत यायला हवेत.

यंदा पहिल्याच वादळाने किनाऱ्यावर समुद्रगवताचा पुरुषभर उंच ढीग आणून टाकला. समुद्र दर हिवाळ्यात टाकतो, दर हिवाळ्यात नेतो. धुक्यात फर्जानीला तो ढीगच खडक वाटला. कुंपण झालं, पिंजरा भरू लागला, आणि गडी स्वतःवर बेहद्द खूश झाला. मग दुसऱ्या वादळाने ढीग उचलून नेला. बघतो तर खडक भलतीकडेच!

त्याचं कुंपण सलूहाच्या पिंजऱ्याच्या तोंडावर आडवं पडलं होतं. सलूहा त्याच्या मेलेल्या मित्राची बायको. तिचं वर्ष हिवाळ्याच्या मासळीवर निघायचं.

ती काठावर रिकामी टोपली घेऊन उभी होती. "काय हो भावजी, गवताच्या गंजीवरून समुद्र मोजता? उद्या ढगावरून मोजाल!"

"वहिनी, धुकं होतं."

"डोक्यात होतं. हे असते तर..."

"मला बुडवलं असतं."

"छे! सगळं उपटायला लावलं असतं आणि काठावर बसून हसले असते."

उपटलं तर झावळ्या मोडणार, आणि नव्या आता पुढच्या शरदापर्यंत मिळायच्या नाहीत. फर्जानीने कान खाजवले, चप्पल काढली आणि कमरभर गार पाण्यात उतरला. सलूहाने हसायचं ठरवलं होतं खरं, पण थोड्या वेळाने तीही होडी घेऊन आली आणि झावळ्या भरू लागली. निम्म्या मोडल्या. उरलेल्या त्याने खऱ्या खडकाच्या रेषेत रोवल्या. त्याचं कुंपण यंदा निम्मंच, तिचा पिंजरा मात्र दुसऱ्याच ओहोटीला जड झाला.

"आणि चुकीच्या कुंपणात तुम्हाला सापडलेला तो मोठा बोय मासा?" तिने विचारलं. "माझ्या वाट्याचा होता तो."

"खाल्ला, वहिनी. कुसकुसाबरोबर."

"मग तेवढाच परत द्या."

तेव्हापासून बोय सापडला की तो तिच्या दारी नेतो. ती हातावर तोलते, मान हलवते, "लहान आहे" म्हणून परत देते. किनारा आता उन्हाळी रेतीने पांढरा झालाय. तसला मासा अजून सापडायचाय.